वरची दाढ आणि डोळे

वरची दाढ काढली की डोळे जातात. हे वाक्य ज्याने कधीच ऐकलं नाही असा माणूस निदान आमच्या वऱ्हाडात तरी सापडायचा नाही. खालची काढा, हरकत नाही. वरची मात्र हलत असली, सडली असली, रात्र रात्र झोपू देत नसली, तरी राहू द्या. आपोआप पडेल तेव्हा पडेल. माझ्या आजोबांनी दर्यापूरकडच्या गावात ही गोष्ट देवाच्या शब्दासारखी पाळली आणि शेवटची आठ-दहा वर्षं एकाच बाजूने जेवून काढली. भाकर दुधात कुस्करून, आणि तीही उजवीकडूनच.

आता हे सगळं आठवायचं कारण आमची अकोल्याची आत्या. वय एकाहत्तर, साखरेच्या गोळ्या चालू, वरच्या डाव्या दाढेला तीन महिन्यांपासून ठणका, मध्येच हिरडीला फोड येतो, फुटतो, बरं वाटतं, पुन्हा येतो. डॉक्टरने दाढ काढायला सांगितली. आत्याचं उत्तर ठरलेलं. "वरची दाढ काढली का डोये जातेत, मी सांगतो तुले. तुह्या आजोबानं काढली होती का?" मी म्हटलं, आत्या, मी मागच्या उन्हाळ्यात वरचीच काढली, अन् हे बघ, पेपर वाचतो. तर म्हणाली, "तुले अजून दहा वर्सं जाऊ दे, मंग सांग."

यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. पण हे वाक्य आलं कुठून, याचा मात्र मी नाद लावून घेतला. आणि मंडळी, जे सापडलं ते मजेदार तर आहेच, पण आत्याला 'अडाणी' म्हणून उडवून लावणाऱ्या तिच्या सुनांनाही जरा विचार करायला लावणारं आहे. म्हणून हा लेख.

तर हे वाक्य गावठी नाही. ते थेट सुश्रुताकडे जातं.

सुश्रुतसंहिता हा शल्यचिकित्सेचा आपला जुना ग्रंथ, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात तीक्ष्ण शस्त्रांची जी वीस जणांची यादी आहे, त्यात 'दंतशंकु' नावाचं हत्यार आहे आणि ते ओढून काढायच्या कामाचं म्हणून सांगितलं आहे. चिकित्सास्थानात तोंडाच्या रोगांवर जो अध्याय आहे, तिथे दातांचे उपचार एकामागून एक येतात. दाताच्या मुळाशी नाडी झाली, म्हणजे पू वाहणारी वाट पडली, तर हिरडीचं मांस कापून तो दात उपटावा आणि मग जागा स्वच्छ करून क्षाराने किंवा अग्नीने डागावी. जादाचा दात उगवला असेल तर तोही काढून डागावा. म्हणजे सुश्रुत दात काढायला घाबरणारा माणूस नव्हता. पण याच ठिकाणी तो एक अट घालतो: दात वरचा नसेल तरच! वरचा पक्का दात मुळासकट उपटला तर रक्त फार जातं, त्यातून भयंकर रोग होतात, माणूस काणा होतो, त्याचं तोंड वाकडं होतं (याला तो 'अर्दित' म्हणतो), म्हणून वैद्याने वरचा दात हलत असला तरी काढू नये.

वाचलं आणि मला आत्याच दिसली. अक्षरशः तेच वाक्य! काशीच्या परंपरेतला ग्रंथ कुठे आणि दर्यापूर कुठे. पण वैद्याकडून वैद्याकडे, आजीकडून नातीकडे, दोन हजार वर्षं एक वाक्य न सांडता आलं. एवढा टिकाऊपणा आमच्या एकाही दाढेत नाही.

पुढचा प्रश्न असा की सुश्रुत उगाच बोलला असेल का? मला तसं वाटत नाही. तो मेलेली शरीरं पाण्यात ठेवून, कुजवून, थर थर सोलून बघायला सांगणारा माणूस. त्याने काहीतरी पाहिलं असणार. काय पाहिलं असेल, याचा अंदाज आज बांधता येतो.

वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला (सायनसला) अगदी खेटून असतात. त्याच्या वर लगेच डोळ्याची खोबण. शिवाय चेहऱ्याच्या आणि डोळ्यामागच्या शिरांना हातापायांच्या शिरांसारख्या पक्क्या झडपा नसतात, त्यामुळे रक्त उलटही वाहू शकतं. वरच्या दाताला पू झाला आणि तो पसरला, तर या वाटेने डोळ्यामागे आणि तिथून मेंदूच्या तळाशी जाऊ शकतो. डोळा सुजतो, पुढे येतो, हलत नाही, दृष्टी जाते. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा असा रोगी बहुधा वाचत नसे. आज हे फार क्वचित होतं, पण होतं, आणि ते तातडीचं दुखणं आहे.

आता त्या काळी वैद्याकडे दात काढायला कोण यायचा? साधा ठणका असलेला नाही. भूल नाही, चार माणसांनी धरून ठेवायचं, हे ठाऊक असताना अगदी नाइलाज झालेलाच यायचा. म्हणजे पू आधीच पसरायला लागलेला. दात काढला, आठ दिवसांनी डोळा गेला. बघणाऱ्यांनी काय जोडलं? दात काढला म्हणून डोळा गेला. खरं तर दात उशिरा काढला म्हणून डोळा गेला होता. निरीक्षण खरं, कारण उलटं.

त्यात आणखी एक गोष्ट. दाढा पडायला लागतात आणि चाळिशी लागते, मोतीबिंदू येतो, या सगळ्या गोष्टी मागेपुढे एकाच वयातल्या. पंचेचाळिसाव्या वर्षी दाढ काढली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी सुईत दोरा ओवता येईना, की झाला पुरावा तयार! आत्या मला "दहा वर्सं जाऊ दे" म्हणते त्यात हीच गोम आहे. दहा वर्षांनी मला चष्म्याचा नंबर वाढणारच आहे, दाढ असो वा नसो.

बरं, दात काढायचा नाही तर मग गावातले लोक करत काय होते? लवंग होती. तुरटी, मीठ, हळद होती. आपल्या अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपरी होते. तीच आयुर्वेदातली पिप्पली, जुन्या दंतलेपांत मध-सैंधवाबरोबर हटकून येणारी. राखुंडी होती, बाभळीची नि निंबाची काडी होती. आणि दाढ फारच ठणकली तर भुईरिंगणीच्या बियांचा धूर होता. बिया निखाऱ्यावर टाकायच्या, त्यावर नळी धरायची आणि धूर दाढेला घ्यायचा. मग तोंडातली लाळ पाण्यात सोडायची आणि त्यात पडलेले बारीक पांढरे 'किडे' सगळ्यांना दाखवायचे.

हा दातातला किडा म्हणजे जगभरचा प्राणी आहे. सुश्रुताकडे 'कृमिदंत' आहे, बाबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या किड्याची कथा आहे, आणि युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांचा असाच धूर देऊन असेच किडे दाखवत. तिथे ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोंब असतात हे पुढे कळलं. फ्रान्सच्या पिअर फोशार्ने 1728 साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने साफ सांगितलं की मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, किडा काही दिसला नाही. आपण मराठीत मात्र अजूनही दात 'किडला' म्हणतो. असो. भाषेतला किडा काढायला कोणता दंतशंकु नाही.

काढायचाच म्हटला तर बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पसारा मांडून बसणारे होते. समोर कापडावर उपटलेल्या दातांचा ढीग, तीच त्यांची पदवी. आजोबा सांगायचे की जितका ढीग मोठा तितकी गर्दी जास्त. हसू नका, युरोपातही जत्रेत ढोल वाजवून दात काढत, म्हणजे रोग्याची किंकाळी पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये.

इथे एक वऱ्हाडी धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1803 च्या नोव्हेंबरात आपल्या अडगावला लढाई झाली, 15 डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला आणि 30 डिसेंबरला अंजनगाव सुर्जीला शिंद्यांशी तह झाला. हे सगळं करणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्या रणांगणावर हजारो तरुण पोरं मरून पडली आणि लोकांनी पकडी घेऊन त्यांचे दात उपटले. कशाला? कवळ्या बनवायला! श्रीमंतांच्या कवळ्यांत खरे दात बसवत, आणि तरुण सैनिकांचे निरोगी दात म्हणजे उत्तम माल. असल्या दातांना इंग्रजीत 'वॉटर्लूचे दात' असंच नाव पडलं. गाविलगडच्या तटाखाली पडलेल्यांचे दात तेवढे राहिले म्हणायचे.

पण दात काढण्याच्या गोष्टीतला खरा नायक वेगळाच आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा तरुण दंतवैद्य होता. डिसेंबर 1844 मध्ये तो एका करमणुकीच्या कार्यक्रमाला गेला. तिथे लोकांना नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, हुंगवून गंमत दाखवत होते. एकाच्या पायाला चांगलं लागलं, रक्त आलं, पण त्याला पत्ताच नाही. वेल्सच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्याच दिवशी, 11 डिसेंबरला, त्याने तो वायू स्वतः घेतला आणि सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखलं नाही! पुढे बॉस्टनला त्याने लोकांसमोर प्रयोग केला, तेव्हा रोगी ओरडला आणि वेल्सची 'लबाड' म्हणून हुर्यो झाली. त्याचाच जुना भागीदार विल्यम मॉर्टन याने सप्टेंबर 1846 मध्ये ईथर देऊन दात काढला आणि 16 ऑक्टोबरला बॉस्टनच्या मोठ्या इस्पितळात ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी केला. वेल्सने 1848 साली तुरुंगात स्वतःचा जीव घेतला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. जगातल्या सगळ्या शस्त्रक्रियांची भूल अशी एका दाढेपासून सुरू झाली.

पुढचं भराभर सांगतो. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला (बघा, डोळा नि दाढ यांचं नातं सुटत नाही). पण कोकेनचं व्यसन लागायचं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आइनहॉर्नने नोव्होकेन आणलं. आणि 1943 मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेनने लिडोकेन बनवलं, जे 1948 पासून बाजारात आलं. आज दाताच्या दवाखान्यात जी सुई टोचतात त्यात बहुधा हेच असतं. 1928 मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं आणि 1940 च्या दशकात ते औषध म्हणून हाती आलं. म्हणजे सुश्रुताची जी अडचण होती, ती ठणका, रक्त आणि पू अशी तिन्ही बाजूंनी सुटायला 1950 साल उजाडलं.

आणि आपल्याकडे? भारतातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय 1920 साली कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढलं. दंतवैद्यांचा कायदा 1948 चा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 चं. म्हणजे माझ्या आजोबांची दाढ दुखत होती तेव्हा दर्यापूरहून शिकलेल्या दंतवैद्यापर्यंत पोचणं ही केवढी यातायात होती, हे लक्षात घ्या. आज अमरावतीत स्वतःचं दंत महाविद्यालय आहे, इर्विनला (जिल्हा रुग्णालयाला आम्ही अजून इर्विनच म्हणतो) दाताचा विभाग आहे आणि राजापेठेत तर दर दुसऱ्या जिन्यावर दाताची पाटी आहे. आजोबांनी सुश्रुताचं ऐकलं ते बरोबरच केलं. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? आत्याजवळ मात्र आहे, आणि माझा सगळा जीव इथेच अडकला आहे. तिच्या हिरडीवर येणारा तो फोड म्हणजे सुश्रुताची 'नाडी' आहे. वाट पाहत बसलो तर डोळ्याला जी भीती आहे ती दाढ ठेवण्यात आहे, काढण्यात नाही.

आता माझ्या दाढेविषयी, कारण आत्याला सगळं 'कसं कसं झालं' ते हवं असतं.

आधी एक्स-रे काढला. मुळं किती, वाकडी की सरळ, सायनसच्या किती जवळ, हे त्यात दिसतं. मग चालू असलेल्या गोळ्यांची यादी मागितली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, लपवायचीही नाही. साखर असेल तर ती आधी आटोक्यात आणतात. उपाशी जायचं नाही, हे ऐकून मला नवल वाटलं. जागेवरची भूल असते, म्हणून थोडं खाऊन आणि आपल्या गोळ्या वेळेवर घेऊन जायचं. सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे रक्त थांबलं नाही तर दिवसाउजेडी परत जाता येतं.

सुई टोचली ते तेवढं कळलं. नंतर फक्त दाब. ज्याला आपण 'उपटणं' म्हणतो ते तसं नसतंच. दाढ खांबासारखी इकडेतिकडे हलवून हाडातली जागा मोकळी करतात आणि मग ती उचलून घेतात. वीस मिनिटं लागली असतील. भूल कधी डोळ्याच्या बाजूला पसरली तर क्वचित एखाद्याला थोडा वेळ दोन-दोन दिसतात, काही तासांत जातं, हेही डॉक्टरीणबाईंनी हसत सांगितलं. मला तसं काही झालं नाही. मग कापसाच्या गॉजचा बोळा दाबून धरायला सांगितला, पाऊण तास, बोलायचं नाही. वऱ्हाडच्या कापसाचा इतका जवळून उपयोग मी पहिल्यांदाच केला.

घरी आल्यावरचा सगळा खेळ त्या रक्ताच्या गाठीचा आहे. दाढेच्या खड्ड्यात जी गाठ बनते, तीच खपली, तेच मलम. ती निघाली तर खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की पहिली दाढ बरी वाटावी. म्हणून पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीने काही ओढायचं नाही. एप्रिलच्या अमरावतीत रसवंतीसमोरून नुसतं जाणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते ज्याचं त्याला ठाऊक! गालावर बाहेरून बर्फ. गार कढी-भात, पातळ खिचडी, ज्वारीच्या कण्या. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. (आमचे खारपाणपट्ट्यातले मामा म्हणाले, "आमच्याकडं मीठ टाकाचं काम नाही.")

गंमत म्हणजे, दाताच्या रोग्याने काय टाळावं याची सुश्रुताचीही यादी आहे: आंबट फळं, थंड पाणी, कोरडं अन्न, दात घासणं आणि फार कडक पदार्थ. माझ्या हातातल्या छापील कागदावर थंड पाणी सोडून जवळपास तेच होतं. दात घासायला बंदी नव्हती, फक्त त्या जागेला ब्रश लावू नका म्हटलं होतं. म्हणजे म्हाताऱ्याचं सगळंच सोडून द्यायचं नाही, बरं का!

एक गोष्ट मात्र त्याच्या यादीत नाही, कारण तंबाखू तेव्हा आपल्याकडे नव्हता. आमच्या विदर्भात खर्रा घोटणारे हात घरोघरी आहेत. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 ची, पण पन्नीत घोटलेला खर्रा काही थांबला नाही. दाढ काढल्यावर तंबाखू तोंडात गेला की गाठ टिकत नाही आणि जखम भरत नाही. आणि रोजच्या सुपारीने गाल आतून ताठ होत जातो, मग तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत. अशा तोंडात दाढेपर्यंत पकड न्यायची कशी? आमच्या घरातले दोन तरुण हे वाचतील. नाव घेत नाही. आरशासमोर तीन बोटं घालून बघा, इतकंच सांगतो.

माझी हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरली, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यानंतर मी रोडगे खाल्ले, वांग्याच्या भाजीत चुरून, पण दोन्ही बाजूंनी.

तर आत्या, वहिनी हे तुला वाचून दाखवेल. तुझं वाक्य खोटं नाही, ते फार मोठ्या माणसाचं आहे. पण त्याच माणसाने पुवाने वाट पाडलेला दात काढायला सांगितलं आहे, आणि वरच्या दाताला जी बंदी घातली ती त्याच्याजवळ सुई नव्हती, पेनिसिलिन नव्हतं म्हणून. तुझ्याजवळ दोन्ही आहेत. साखर तपासून घे, गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेव, सकाळची वेळ घे. सांगशील त्या दिवशी मी अमरावतीहून पहिल्या गाडीने येतो. आणि डॉक्टरकडे जाण्याआधी डोळ्याच्या दवाखान्यातही एकदा जाऊन येऊ, मोतीबिंदूचं काय ते आत्ताच बघून ठेवू, म्हणजे नंतर बिचाऱ्या दाढेवर आळ नको.